राहेलबाईंचे बुधवार

"नाताळाच्या आत शमुवेल घरी येईल," मी म्हणालो. "हे मी माझ्या मनचं बोलत नाही. प्रभूनं मला तसं सांगितलंय."

मी चर्चच्या व्यासपीठावर उभा होतो. मग मागून कुणीतरी 'हालेलूया' म्हणालं आणि सगळ्या मंडळीनं ते उचलून धरलं. पहिल्या रांगेत मिशनचे अधीक्षक पाहुणे म्हणून बसले होते. त्यांनीही मान डोलावली. बायकांच्या बाजूला, शमुवेलची आई, राहेलबाई त्रिभुवन, भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्यांनी डोक्यावरचा पदर पुढं ओढला. पदराआड त्यांचे खांदे हलताना मला व्यासपीठावरून दिसत होते.

१९७९ सालच्या ऑक्टोबरातला तिसरा रविवार होता तो. मी अठ्ठावीस वर्षांचा होतो. नगर जिल्ह्यातली सोनेवाडीची मंडळी ही पाळक म्हणून माझी पहिलीच नेमणूक. सत्तर-पंच्याहत्तर घरं, दगडी चर्च, त्याच्या मागं मुलींचं बोर्डिंग. राहेलबाई त्या बोर्डिंगात स्वयंपाक करायच्या. नवरा तरुणपणीच गेला होता. शमुवेल एकुलता एक मुलगा. त्याला सगळे शमू म्हणत. मी सोनेवाडीत यायच्या आधी वर्षभर तो घर सोडून गेला होता, एकोणीस वर्षांचा असताना. कुठं गेला, का गेला, कुणाला ठाऊक नव्हतं. पत्र नाही, निरोप नाही.

दर बुधवारी संध्याकाळी पाच वाजता प्रार्थनासभा भरायची. दहा-बारा माणसं यायची. प्रत्येकानं आपलं मागणं मांडायचं आणि शेवटी मी सगळ्यांसाठी प्रार्थना करायची, असा रिवाज होता. कुणाला नोकरी हवी असायची, कुणाच्या सुनेचे दिवस भरत आलेले असायचे. राहेलबाईंची पाळी आली की त्या गुडघ्यांवर यायच्या आणि एकच वाक्य बोलायच्या.

"बापा, माझ्या लेकराचा ठाव मला दाव."

बस. रडारड नाही, पाल्हाळ नाही. मग आम्ही सगळे 'आमेन' म्हणायचो.

त्या रविवारी मी जे बोललो, ते मला खरंच कुणी सांगितलं होतं का? आज त्र्याहत्तराव्या वर्षी खोटं बोलून मी काय मिळवू? मला कुणीही काही सांगितलं नव्हतं. प्रवचन रंगात आलं होतं, अधीक्षक मन लावून ऐकत होते, राहेलबाईंचा चेहरा समोर होता. वाक्य जिभेवर आलं, आणि ते इतकं चांगलं वाटलं की मी ते बोलून टाकलं.

घरी जेवताना माझी बायको शालिनी म्हणाली, "तुम्हाला खरंच तसं ऐकू आलं?"

"तुझा विश्वास नाही का?"

ती ताटाकडे बघत राहिली. पुन्हा तिनं कधी विचारलं नाही.

पुढच्या बुधवारी सभेला चाळीस माणसं होती. त्याच्या पुढच्या बुधवारी शेजारच्या दोन गावांतून बैलगाड्या आल्या. सोनेवाडीच्या पाळकाशी देव बोलतो, अशी वार्ता पसरली होती. लोक आजारी लेकरं घेऊन यायचे आणि मी त्यांच्या डोक्यावर हात ठेवायचो. जमलेल्या सगळ्यांच्या मध्ये राहेलबाई बसलेल्या असायच्या. नवीन आलेल्या बाया त्यांच्याकडे बोट दाखवून एकमेकींना सांगायच्या, "हीच ती. हिचाच पोरगा येणाराय."

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात, मंगळवारी दुपारी पोस्टमन एक आंतरदेशीय पत्र देऊन गेला. वरती वऱ्हाडातल्या एका तालुक्याच्या गावाचा शिक्का होता. अक्षर जुन्या वळणाचं, थरथरतं. माझ्या नावाऐवजी 'सोनेवाडी मंडळीचे पाळकसाहेब' एवढंच लिहिलं होतं. त्या पत्रातला शब्द न् शब्द मला अजून पाठ आहे.

'पाळकसाहेब यांस सगुणाबाई मकासरे हिचा सलाम. मी येथे पस्तीस वर्षे बायबलबाई म्हणून घरोघर शुभवर्तमान सांगितले. आता थकले आहे. आपल्या गावचा शमुवेल त्रिभुवन येथे कापसाच्या जिनिंगमध्ये कामास होता. त्यास कावीळ झाली. पाहणारे कोणी नाही म्हणून मी त्यास माझ्या घरी आणले. सोळा दिवस मजजवळ होता. अठरा ऑक्टोबर रोजी सकाळी प्रभूकडे गेला. येथील कबरस्तानात विधिपूर्वक ठेवला आहे. गावाचे नाव त्याने अगदी शेवटी सांगितले. पत्ता मिळवण्यात माझे इतके दिवस गेले. त्याच्या आईस वाचता येत नाही असे तो म्हणाला, म्हणून आपणांस लिहीत आहे. तिला वाचून दाखवावे. त्याने आईसाठी एक निरोप ठेवला आहे. तो कागदावर लिहिण्यासारखा नाही. ती आली म्हणजे तिच्या कानात सांगेन. माझे वय अठ्ठ्याहत्तर आहे. तिला लवकर पाठवावे.'

मी तारीख पुन्हा पुन्हा वाचली. माझा तो रविवार एकवीस ऑक्टोबरचा. मी व्यासपीठावरून शमुवेल येणार म्हणून सांगत होतो, तेव्हा त्याला मातीत ठेवून तीन दिवस झाले होते.

पत्र मी टेबलाच्या खणात, बाप्तिस्म्याच्या नोंदवहीखाली ठेवलं. नाताळ दोन आठवड्यांवर आला होता. सणाच्या तोंडावर कशाला, असं मी स्वतःला म्हणालो. नाताळ झाला की सांगू.

दुसऱ्या दिवशी बुधवार होता. राहेलबाई गुडघ्यांवर आल्या.

"बापा, माझ्या लेकराचा ठाव मला दाव."

सगळ्यांबरोबर मीही 'आमेन' म्हणालो.

नाताळच्या दिवशी चर्चमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. तरी पुरुषांच्या बाजूला, दाराजवळच्या बाकावर एका माणसापुरती जागा लोकांनी मोकळी ठेवली होती. शमू आला तर त्याला बसायला. उपासना सुरू व्हायच्या आधी राहेलबाई उठल्या, बायकांची बाजू ओलांडून तिथं गेल्या आणि पिशवीतून एक नवा सदरा काढून त्या जागेवर ठेवला. निळ्या रेघांचा, कडक इस्त्रीचा, घडी न मोडलेला.

मी पाऊण तास प्रवचन केलं, त्या सदऱ्याकडे तोंड करून. दार वाजलं की सगळ्या माना मागं वळायच्या. मला एकट्याला ठाऊक होतं की कुणी येणार नाही. तरी मीही बघत होतो. एकदा तर मला वाटलं, बाकावर कुणीतरी बसलंय आणि माझ्याकडे बघतंय. मी वाक्य विसरलो. लोकांना वाटलं, पाळकसाहेबांना भरून आलं.

नाताळ गेला. राहेलबाईंनी सदरा उचलून पुन्हा पिशवीत ठेवला. कुणी मला जाब विचारला नाही, आणि तेच वाईट झालं. कुणी कॉलर धरली असती तर कदाचित मी बोललो असतो. पुढच्या रविवारी मी 'देवाची वेळ आणि आपली वेळ' या विषयावर बोललो. लोकांनी तेही मानलं. गर्दी थोडी ओसरली, पण बुधवार चालू राहिले.

जानेवारीत एकदा राहेलबाई मला विहिरीपाशी भेटल्या. हातातली कळशी खाली ठेवून म्हणाल्या, "पाळकसाहेब, एक इचारू? माझंच काही आड येतंय का वो?"

"म्हणजे?"

"देव तर द्यायला बसलाय, तुमाला तसं बोललाबी. मंग अडतंय कुठं? माझ्यातच काही खोट आसंल."

तेव्हा सांगता आलं असतं. विहिरीवर दुसरं कुणी नव्हतं. मी म्हणालो, "विश्वासात राहा, राहेलबाई."

त्यानंतर त्यांनी उपास धरला. आधी बुधवारचा, मग बुधवार-शुक्रवारचा, मग एक दिवसाआड. बोर्डिंगातल्या पोरींना रांधून वाढायच्या आणि स्वतः पाणी पिऊन राहायच्या. फेब्रुवारीअखेर त्यांच्या गालांची हाडं वर आली. शालिनीनं दोनदा त्यांना घरी जेवायला बोलावलं. त्या आल्या, पण ताटाला हात लावला नाही. मी त्यांच्या समोर बसून जेवलो. शेजारच्या खोलीत टेबल होतं आणि टेबलाच्या खणात पत्र होतं. जेवताना मला ते आपल्याकडे बघतंय असं वाटायचं. मी त्या खोलीत बसून प्रवचन लिहिणं सोडलं. अंगणात खाट टाकून लिहू लागलो.

मार्चच्या मधल्या बुधवारी सभेला वीस-एक माणसं होती. राहेलबाईंची पाळी आली. त्या गुडघ्यांवर आल्या नाहीत. खांबाला धरून उभ्या राहिल्या.

"मला आज मागायचं न्हाई," त्या म्हणाल्या. "मला मंडळीपुढं कबूल करायचंय."



"शमू गेला त्या दिशी आमचं भांडण झालं व्हतं. त्यो म्हनला, मी शिकत न्हाई, मला शहरात जायचंय. म्या त्याच्या थोबाडीत मारली." त्या थांबल्या. ओठ कोरडे पडले होते. "आन् म्हनले, तुझ्या बापाच्या जागी तू मेला आसतास तर बरं झालं आसतं."

कुणीतरी हुंदका दिला.

"त्यो काय बोलला न्हाई. गाल धरून हुबा राहिला. मंग गेला. हे म्या कोनालाच सांगितलं न्हाई. ज्या तोंडानं लेकराला मर म्हनले, त्याच तोंडानं त्याला मागतेय. देव कसा ऐकंल? म्हनून आडलंय. पाळकसाहेब, तुमी माझ्यासाठी मागा. माझ्या पापामुळं त्याला आडवून ठेवू नको म्हना."

वीस चेहरे माझ्याकडे वळले. मी उभा राहिलो. तोंड उघडलं. आजवर मला शब्द कधी कमी पडले नव्हते. त्या दिवशी एकही आला नाही. मी किती वेळ तसा उभा होतो, कोण जाणे. शेवटी म्हणालो, "सभा संपली," आणि मागच्या दारानं घरी गेलो.

खणातलं पत्र काढून मी शालिनीपुढं ठेवलं. तिनं ते उभ्यानं वाचलं, मग बसून पुन्हा वाचलं. मला वाटलं, ती ओरडेल. तिनं फक्त एवढंच विचारलं, "आणि तुम्ही माझ्याशेजारी झोपत होता?"

सकाळी मी बोर्डिंगाच्या मागच्या अंगणात गेलो. राहेलबाई सुपात बाजरी पाखडत होत्या. मी समोर जमिनीवर बसलो. पाळक जमिनीवर बसला म्हणून त्या गडबडल्या, बसायला पोतं शोधू लागल्या.

"राहू द्या," मी म्हणालो. "शमूचं पत्र आलंय. म्हणजे शमूबद्दलचं."

सूप थांबलं.

"शमू गेला, राहेलबाई. कावीळ झाली होती त्याला."

त्या रडल्या नाहीत. सुपातला एक खडा उचलून त्यांनी बाजूला टाकला.

"कवा?"

"ऑक्टोबरात. अठरा तारखेला."

"आन् पत्र?"

मला सांगायलाच हवं होतं. "डिसेंबरात आलं. नाताळच्या आधी."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग बोटांच्या पेरांवर अंगठा फिरवू लागल्या. आधी मला कळेना, त्या काय मोजताहेत. मग कळलं. त्या बुधवार मोजत होत्या.

"चौदा," त्या म्हणाल्या. "चौदा बुधवार म्या मागत व्हते आन् तुमी आमेन म्हनत व्हता."

"हो."

"सदरा ठिवला तवा तुमाला ठावं व्हतं."

"हो."

"काल मंडळीपुढं माझ्या तोंडानं म्या..." त्यांना पुढं बोलवेना. त्यांनी सूप उलटं केलं. बाजरी अंगणभर झाली. कोंबड्या धावून आल्या. त्यांनी हाकलल्या नाहीत.

मग त्या अगदी खालच्या आवाजात बोलल्या. "त्याला परत आन, आसं म्या कवाच म्हनले न्हाई, पाळकसाहेब. तुमी म्हनला. लोक म्हनले. म्या ठाव दाव म्हनले. आईला कळतं वो, आपलं लेकरू हाय का न्हाई ते. मला फकस्त ठाव पायजे व्हता. देवानं तर दावला व्हता."

मी खिशातून पत्र काढलं.

"वाचा," त्या म्हणाल्या.

मी वाचलं. त्यांनी पुन्हा वाचायला लावलं. 'तिच्या कानात सांगेन' इथं त्यांनी मला थांबवलं आणि उठल्या.

"गाडी कितीला हाय?"

एसटीनं नगर, तिथून मनमाड, मनमाडहून पॅसेंजर. दीड दिवसाच्या त्या प्रवासात राहेलबाई माझ्याशी एक शब्द बोलल्या नाहीत. मी स्टेशनवर पाणी आणलं, ते त्यांनी घेतलं नाही. स्वतः उतरल्या, नळाखाली ओंजळ धरून पाणी प्यायल्या आणि पुन्हा खिडकीशी बसल्या. गावं मागं पडत होती आणि त्यांचे ओठ हलत होते. काय म्हणत होत्या ते मला ऐकू येत नव्हतं.

सगुणाबाईंचं घर गावाबाहेर, जिनिंगच्या मागं होतं. कुडाच्या भिंतींची एकच खोली, पुढं ओटा. ओट्यावर एक मधल्या वयाची बाई कापसाच्या वाती वळत बसली होती. तिनं आम्हाला बघितलं आणि वळता वळता हात थांबला.

"तुमी सोनेवाडीचे का जी?"

"हो. या शमुवेलच्या आई."

ती बाई शेजारची गोदाबाई होती. ती उठून उभी राहिली. "आता आले?" ती म्हणाली. "लय वाट पायली हो तिनं. नाताळापासून रोज या ओट्यावर बसे. मोटार आली का उठून पाहे. म्हणे, त्याची माय येईन. शिवरात्रीच्या आदल्या दिशी इथंच पडली. लकवा झाला. उजवं अंग गेलं, वाचा गेली."

राहेलबाई दाराच्या चौकटीला धरून उभ्या राहिल्या.

"निरोप होता म्हणे," मी कसंबसं म्हणालो. "शमूचा. तुम्हाला सांगून ठेवला असेल..."

"विचारलं होतं मी," गोदाबाई म्हणाली. "तर म्हणे, मायचं आहे, मायलेच सांगीन."

शिवरात्र होऊन पाच आठवडे झाले होते. पत्र त्याच्या कितीतरी आधीपासून माझ्या खणात पडलेलं. हा हिशेब मांडायची गरजच नव्हती. 

आत खाटेवर सगुणाबाई पडल्या होत्या. मूठभर देह, पांढरे केस विस्कटलेले, तोंड एका बाजूला ओढलेलं. डोळे मात्र टक्क उघडे. राहेलबाई खाटेपाशी खाली बसल्या.

"बाई, म्या शमूची माय."

सगुणाबाईंच्या घशातून आवाज निघाला. "आ... आ..." त्यांचं अख्खं शरीर त्या आवाजामागं लागलं होतं. मानेच्या शिरा ताठल्या. राहेलबाईंनी कान त्यांच्या तोंडाशी नेला. "सांगा बाई, सांगा. म्या ऐकतेय." पुन्हा "आ... आ..." म्हाताऱ्या डोळ्यांतून पाणी कानांत ओघळत होतं. मी दारात उभा होतो. 

शेवटी सगुणाबाई दमल्या. आवाज थांबला. मग त्यांचा डावा हात, जो चालत होता तो, हळूहळू वर आला. हवेत थोडा चाचपडला आणि राहेलबाईंच्या गालावर टेकला. तिथंच राहिला.

राहेलबाईंनी डोळे मिटले. त्या तशाच बसून राहिल्या. 

दुपारी गोदाबाईनं आम्हाला कबरस्तानात नेलं. शमूच्या मातीवर एक लाकडी क्रूस होता आणि सगुणाबाईंनी लावलेली झेंडूची रोपं सुकून उभी होती. राहेलबाईंनी रोपांना पाणी घातलं. पिशवीतून सदरा काढला, क्रूसाच्या आडव्या लाकडावर घातला, नीट केला. मग बराच वेळ मातीवर हात फिरवत राहिल्या, लेकराची पाठ थोपटावी तशा.

संध्याकाळच्या गाडीची वेळ झाली तेव्हा त्यांनी सगुणाबाईंच्या केसांना तेल लावायला घेतलं होतं.

"राहेलबाई, निघायला हवं."

"तुमी जा." दीड दिवसानंतर माझ्याशी बोललेला हा पहिला शब्द. "हिनं माझ्या लेकराचं सोळा दीस केलं. आता हिचं कोन करंल?"

मी एकटा परतलो. रविवारी व्यासपीठावर न चढता खाली, सतरंजीवर उभा राहिलो आणि मंडळीला सगळं सांगितलं. तारखांसह. प्रभूनं मला काही सांगितलं नव्हतं, हेही. कुणी ओरडलं नाही. मंडळीचा कारभार बघणाऱ्या पंचांतले सगळ्यांत वयस्क होते, ते उठले आणि म्हणाले, "बसा आता, पाळकसाहेब." मग त्यांनीच गायन सुरू केलं. आवाज फारसे उठले नाहीत. महिन्याभरात मी पाळकपण सोडलं. शालिनीच्या माहेरगावी एका छापखान्यात प्रुफं तपासायला लागलो. नऊ वर्षं मी कुठल्याही चर्चमध्ये मोठ्यानं प्रार्थना केली नाही.

सहा वर्षांनी, १९८६ मध्ये, मी वऱ्हाडात गेलो. सगुणाबाई त्याच्या दोन वर्षं आधी गेल्या होत्या. राहेलबाई त्याच खोलीत राहत होत्या. जिनिंगमधलं कुणी आजारी पडलं की ओट्यावर आणून टाकायचे. त्या दिवशीही एक तापानं फणफणलेला मजूर आत झोपला होता. राहेलबाई तुरीच्या शेंगा सोलत होत्या. अंग भरलं होतं, केस पांढरे झाले होते. त्यांनी मला पाणी दिलं, भाकरी वाढली. शालिनीची चौकशी केली. मी इकडचं तिकडचं बोलत राहिलो. ज्यासाठी आलो होतो ते निघेना. उठताना एकदम विचारलं.

"सगुणाबाईंनी... शेवटपर्यंत काही सांगितलं का?"

त्यांनी हातातली शेंग सोलून संपवली.

"सांगितलं की."

 "त्या बोलल्या?"

"जायच्या आदल्या दिशी."

"काय म्हणाल्या?"

राहेलबाईंनी माझ्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. त्यांच्या डोळ्यांत राग नव्हता. काय होतं ते मला आजही नीट सांगता येत नाही.

"ते माझं हाय, पाळकसाहेब," त्या म्हणाल्या. मग सोललेले दाणे सुपात सारखे करत म्हणाल्या, "पुन्ना या. शालिनीताईला घेऊन या. पर हे इचारायला येऊ नका."

मी बाहेर आलो. रस्त्यावर गोदाबाई भेटली. मी तिला म्हणालो, शेवटी सगुणाबाईंना बोलता आलं, हे बरं झालं.

"बोलली?" गोदाबाई थांबली. "माह्यासमोर तर एक शब्द नाही फुटला जी तिचा. शेवटच्या दिशी मी होती तिथं." मग जरा विचार करून म्हणाली, "पण मी काय आठी पहर बसून होती? राहेलबाई होती."

मी मागं वळून बघितलं. दार उघडं होतं. राहेलबाई आतल्या मजुराच्या कपाळावर ओलं फडकं ठेवत होत्या. मी एसटीकडे चालू लागलो.

पुढं मी अनेकदा गेलो. शालिनीला घेऊन गेलो, शालिनी वारल्यावर एकटा गेलो. त्यांनी घातलेली अट कधी मोडली नाही. प्रत्येक खेपेला त्या मला ओट्यावर बसवायच्या आणि प्रार्थना करायला सांगायच्या. मी दोन-तीन वाक्यं बोलायचो, भीत भीत, आणि त्या 'आमेन' म्हणायच्या. मी त्यांचा चेहरा बघायचो. त्यावरून मला काही कळायचं नाही.

१९९९ च्या नोव्हेंबरात गोदाबाईच्या मुलाचा फोन आला. राहेलबाई झोपेतच गेल्या होत्या. मातीला मीच उभं राहावं, असं त्यांनी सांगून ठेवलं होतं. शमू आणि सगुणाबाई यांच्या मधली जागा त्यांनी कधीच राखून घेतली होती. जिनिंगचे मजूर झाडून सगळे आले होते. मी विधी केला. शेवटी मूठभर माती टाकली आणि बाजूला झालो. लोक पांगले. तिन्ही मातींपाशी मी एकटाच राहिलो. आता त्या निरोपाबद्दल विचारायला पृथ्वीवर कुणी उरलं नव्हतं.

गोदाबाई काठी टेकत माझ्याजवळ आली. तिनं माझ्या पाठीवर हात ठेवला.

"रडू नका जी," ती म्हणाली.

मी रडत नव्हतो. मी कान लावून उभा होतो.